गुलमर्गचं पाळीपत्रक

दसरा उलटून आठ दिवस झाले होते, तरी साताऱ्याचं ऊन उतरायला तयार नव्हतं. जयराजच्या घरात मात्र सकाळपासून बर्फाशिवाय दुसरी बोली नव्हती. धाकटा धैर्यशील आणि त्याची बायको प्रियदर्शनी आदल्या दिवशीच पुण्याहून येऊन उतरले होते. आईवडिलांना, म्हणजे राहीबाई आणि लालासाहेबांना, जयराजनं गाडी पाठवून शिराळ्याहून आणवलं होतं. "सगळे बसून एकदाच ठरवून टाकू," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. काय ठरवायचं ते राहीबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. थोरल्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी नव्या शेंगांचं गाठोडं बरोबर घेतलं होतं. आता त्याच शेंगा फोडत त्या दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या.

समोरच्या टीव्हीवर प्रियदर्शनीनं आपल्या संगणकातली चित्रं लावली होती. पांढरे शुभ्र डोंगर, काळेभोर देवदार, आणि त्या उतारावरून पायाला लांब फळ्या बांधून सुसाट खाली येणारी माणसं.

"पडत कशी न्हाईत ही?" रेश्मानं विचारलं. ती जयराजची बायको. माहेर मेढ्याचं, म्हणजे डोंगरात वाढलेली. पण डोंगरावरून कुणी हौसेनं घसरतं हे तिला पटत नव्हतं.

"पडत्यात की," लालासाहेब म्हणाले. "आदी पडायलाच शिकवायचं. पडून आपलं आपण उठाय आलं, की निम्मं शिकला गडी."

"तुमी किती जणांना पाडलं, आबा?"

"मोजलं न्हाई. एक कर्नलसाहेब व्हता, त्येला दिवसात सतरा बार पाडला. त्यो उठून म्हनायचा, सुभेदार, यू आर अ डेव्हिल. मी म्हनायचो, साब, घुटना मोडो."

सगळे हसले. लालासाहेब उठले. शहात्तरीचा माणूस, पण पाठ अजून पलटणीतलीच. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, गुडघे वाकवले, दोन्ही मुठी पुढे धरल्या आणि जयराजच्या गुळगुळीत फरशीवर डावीउजवीकडे झुलून दाखवलं. डोंगरातला नाही, शिराळ्याच्या उसाच्या रानातला हा माणूस. पलटणीनं गुलमर्गला बर्फावरचं शिकायला धाडला आणि त्याचा पाय असा काही बसला की चार वर्षं तिथंच शिकवायला ठेवून घेतला. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण राहीबाईंनी त्यांना असं झुलताना कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या अंगातून तीस वर्षांचा एक गडी क्षणभर बाहेर आला आणि परत आत गेला. हा गडी सुट्टीवर घरी कधी आलाच नव्हता. राहीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तर ऐका," धैर्यशील म्हणाला. "माझ्या मित्राचं तिथं लाकडी घर आहे. तीन खोल्या. ते आपण वर्षासाठी घेतोय, जमलं तर पुढंही. हिवाळ्यात बर्फ, मेमध्ये फुलं, पावसाळ्यात हिरवीगार कुरणं. कुठल्याही महिन्यात जा. आमच्या दोघांचं काम काय, संगणकावरचंच. पुण्यात बसून करतो ते तिथं बसून करू."

"आणि आई, आता तिथं सगळं मिळतं हं," प्रियदर्शनी म्हणाली. ती सांगलीची, डॉक्टरांच्या घरातली. सासूशी बोलताना शब्द जरा स्वच्छ आणि सावकाश उच्चारायची, जसं लहान मुलाशी किंवा परक्या मुलखातल्या माणसाशी बोलावं. "मोठमोठे लोक येऊन राहतात. खोलीतली जमीनसुद्धा गरम असते."

"जमीन गरम करून काय करायची?" रेश्मा म्हणाली. "आमच्याकडं चूल पेटवली की माणूस गरम व्हतो."

"ताई, तुम्ही एकदा येऊन बघा, मग परत यायचं नावच काढणार नाही."

"मग ह्यांचा डबा कोण करंल?"

हसण्यावारी चाललं होतं सगळं. तेवढ्यात जयराज आतून पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला मोठा कागद घेऊन आला आणि त्यानं तो मधल्या टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांवर चार चहाचे कप ठेवले.

कागद बघताच राहीबाईंना ओळख पटली. हे पाळीपत्रक. जयराज साताऱ्याला वर्कशॉप टाकण्याआधी सहा वर्षं गावच्या पाणी संस्थेचा सचिव होता. नदीवरून उचललेलं पाणी कुणाच्या रानात कुठल्या वारी किती तास सोडायचं, याचा तक्ता तो दर हंगामाला असाच करायचा. डावीकडं एकाखाली एक नावं, वरच्या बाजूला दिवस, मध्ये चौकोन. ज्याची पाळी त्याचा चौकोन निळ्या पेन्सिलीनं रंगवलेला. एकदा ते पत्रक चावडीवर लागलं, की भावकीतली मारामारीसुद्धा थांबायची. त्या कागदावर जयराजचा फार भरवसा. घरातलं लग्न असो की दिवस घालणं असो, तो आधी पाळीपत्रक करायचा.

"भांडण नको म्हणून लिहूनच काढलंय," तो म्हणाला. "वर बारा महिने. प्रत्येकाची पाळी वेगळी रंगवलीय. मी आन रेश्मा मे महिन्यात आन नाताळात. बाकी धैर्याचं."

"आबांचं बघ," धैर्यशील बोट ठेवत म्हणाला. "पूर्ण ओळ निळी."

"मग!" लालासाहेब खुशीत होते. "मी एकदा चढलो की उतरत न्हाई."

राहीबाईंनी मान पुढे केली. त्यांचं मान पुढे करणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्या सही करतात हे सगळ्यांना माहीत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगणवाडीतल्या तानुबाईकडून त्यांनी अक्षरं घेतली होती. दुपारी पोरं झोपली, की त्यांच्या पाट्या घेऊन दोघी बसायच्या. लालासाहेबांनी एकदा विचारलं, कशाला हा उद्योग? त्या म्हणाल्या, बँकेत अंगठा लावायची लाज वाटती. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. सहीच्या पुढे त्या किती गेल्या हे कुणी कधी विचारलं नाही. त्या सावकाश वाचत. ओठ हलत. पण वाचत.

आणि पत्रकाच्या तळाला, सगळ्या नावांच्या खाली, एक रेघ सोडून दोन ओळी होत्या. त्यांच्यापुढं चौकोन नव्हते.

"आई," राहीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

कुणी लक्ष दिलं नाही. प्रियदर्शनी विमानांच्या वेळा सांगत होती.

"आई. ज-य-राज-क-डे." त्यांचं बोट अक्षराखालून सरकत होतं. "बारा म-हिने." मग दुसरी ओळ. "शिराळ्याचं घर. बंद."

प्रियदर्शनी बोलता बोलता थांबली. टीव्हीवरची माणसं बर्फावरून घसरत राहिली.

"आत्या," सासूला नेहमी म्हणायची तसं रेश्माच्या तोंडून निघालं, "तुमाला वाचाय येतं?"

राहीबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. आपण वाचलं ते चुकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी ती ओळ परत एकदा, मनातल्या मनात, पहिल्यापासून वाचली. चुकलं नव्हतं.

"आमाला वाटून घेतलं व्हय?" त्या म्हणाल्या. "बाप एकाकडं, आई एकाकडं?"

"आई, तसं नाही गं," धैर्यशील म्हणाला. "वाटणी कसली? तुला थंडी सोसायची नाही. गुडघे दुखतात. इथं साताऱ्यात दवाखाना जवळ, दादा जवळ—"

"मला कुणी इचारलं?"

"आता विचारणारच होतो की."

"रंगवून झाल्यावर?"

धैर्यशीलनं बायकोकडं पाहिलं. प्रियदर्शनीनं जयराजकडं पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा म्हणाले होते, आईंशी बोलणं झालंय."

"मलाबी तेच म्हनले," रेश्मा म्हणाली. तिनं हातातला ट्रे टेबलावर जरा आपटूनच ठेवला. "आत्या आपल्याकडं आपखुशीनं येत्यात म्हनून सांगितलंत. मी खोली आवरली. आवं, नवी गादी आणली!"

जयराज कागदाच्या कोपऱ्यावरचा कप सरळ करत होता. कप सरळच होता.

आत्तापर्यंत गप्प असलेले लालासाहेब आता बोलले, आणि पलटणीतल्या आवाजात बोलले. "ह्यात एवढं बोंबलायसारखं काय हाय? मी सांगितलं पोराला. तिला इचारू नगा म्हनलं. ती यायची न्हाई."

राहीबाई वळल्या. त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. म्हणजे हा कागद एकट्या पोरांचा नव्हता.

"तुमी सांगितलं?"

"व्हय."

"मी यायची न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी? कवा?"

"पंच्याऐंशी सालात," लालासाहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज चढा नव्हता. चाळीस वर्षं आत ठेवलेली गोष्ट बाहेर काढताना माणूस जसा सावध होतो, तसे ते सावध झाले होते. "तवा न्हाई आलीस. आता या वयात कशाला येशील? तुला तुजं रान आन तुजी म्हसरं बरी. माझी काय तक्रार न्हाई. पर मला एकदा मरायच्या आदी ती जागा बघायची हाय, म्हनून मी चाललो."

"पंच्याऐंशी सालात मी कुठं आली न्हाई?"

"आता माजी परीक्षा घेतीस व्हय?"

"आवं, देवाशपथ, मला सांगा. कुठं आली न्हाई मी?"

लालासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. मग ते खुर्चीत टेकले आणि, समोर कागद असल्यासारखे, थेट म्हणू लागले.

"गुलमर्गच्या खाली, टंगमर्गला क्वार्टर मिळाली हाय. दोन वर्सांसाठी. दोन खोल्या, न्हाणीघर आतच. धैर्यशीलला घेऊन ये. जयराजची चौथीची स्कॉलरशिप हाय, त्याला माझ्या आईपाशी ठेव. मामा जम्मूपर्यंत सोबत येतील, तितनं मी घेऊन जाईन. गरम कापडं आणू नगंस, हितं घेऊ. तुला बर्फ दाखवायचा हाय." ते थांबले. "शेवटची ओळ लिवायला मला दोन दिवस लागलं. आमी कुटं असं लिवतो?"

राहीबाईंच्या मांडीवरून शेंगांचं ताट सरकलं आणि फरशीवर उलटलं. टरफलं आणि दाणे सोफ्याखाली, टेबलाखाली गेले. कुणी वाकलं नाही.

पंच्याऐंशी साल. त्यांना ते साल वेगळं आठवत नव्हतं, हिवाळा आठवत होता. त्या हिवाळ्यात गावातल्या धुळा हवालदाराची बायको, ही अक्षरं शिकवणारी तानुबाईच, डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन एसटी स्टँडला चालली होती. नवऱ्यानं बोलावलंय, क्वार्टर मिळाली, म्हणून सांगत चालली होती. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा हिंदी बोलत होती आणि तिनं स्वतः विणलेला लाल स्वेटर घातला होता. राहीबाई त्या स्वेटरकडं बघत राहिल्या होत्या. आपल्याला का बोलावलं नाही, याचं उत्तर त्यांनी आपल्याच मनाशी लावून ठेवलं होतं: आपण अडाणी. साहेब लोकांच्या बायकांत आपल्याला कशाला नेईल? बँकेतला अंगठा हा नंतरचा बहाणा. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी हातात घेतली ती त्या उत्तरासाठी.

"असं पत्र आलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आलं. त्येचं उत्तरबी आलं."

"काय आलं?"

"म्हसरं हायत, शाळू काढायचा हाय, सासूबाईंचं गुडघं धरल्यात. येता येत न्हाई." लालासाहेबांनी फरशीकडं पाहिलं. "पुन्हा बोलवू नका."

"पुन्हा बोलवू नका, असं मी लिवलं?"

"तुझ्या नावानं व्हतं."

"माझं नाव मला लिवाय येत न्हवतं तवा!"

हे बोलल्यावर राहीबाईंना ते समजलं. आधी तोंडाला समजलं, मग डोक्याला. त्या काळात पत्रं त्या वाचत नव्हत्या आणि लिहीतही नव्हत्या. घरात वाचणारं एकच माणूस होतं. नऊ वर्षांचं. उंबऱ्यावर बसून, पाय हलवत, मोठ्यानं वाचायचं, आणि सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायच्या, कसं खडाखडा वाचतं माजं लेकरू.

त्यांनी थोरल्या मुलाकडं पाहिलं. मग लालासाहेबांनी पाहिलं. मग सगळ्यांनी.

जयराज पन्नाशीचा. डोक्यावर टक्कल, पोट सुटलेलं, वर्कशॉपमध्ये वीस माणसं हाताखाली. तो कागदाकडं बघत होता.

"दादा?" धैर्यशील म्हणाला.

"मी ती ओळ वाचली न्हाई," जयराज म्हणाला.

"कुठली ओळ?"

"मला आजीपाशी ठेवायची, ती." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की रेश्मा दोन पावलं पुढे आली. "पत्र नेहमीसारखं वाचाय लागलो. सर्व ठीक हाय, पाऊसपाणी कळवा. मग ते आलं. धैर्याला घेऊन ये. जयराजला ठेव. मी मनातल्या मनात पुढचं सगळं वाचलं. आजी म्हनली, काय रं, थांबलास का? मी म्हनलं, संपलं. बाकी नमस्कार. आन घडी घातली."

"आन उत्तर?" लालासाहेब म्हणाले.

"शाळेच्या मागं बसून लिवलं. आजीचं गुडघं, शाळू, सगळं खरंच व्हतं. फकस्त शेवटचं..." तो अडखळला. "मला वाटलं, एकदा न्हाई म्हनलं तर आबा परत बोलवतील. म्हनून ते घातलं."

प्रियदर्शनीनं हात तोंडावर ठेवला. धैर्यशील उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मी तिथं वाढलो असतो," तो म्हणाला. "आबांजवळ. मी शाळेत जाईपर्यंत आबांना ओळखत नव्हतो, दादा. ते सुट्टीवर आले की मी पाहुणे आले म्हणून सांगायचो. तुला आठवतं ना? तू हसायचास!"

"धैर्या, मी नऊ वर्सांचा व्हतो."

"आणि आत्ता? आत्ता किती वर्षांचा आहेस? परत तेच केलंस! आईशी बोलणं झालंय म्हणून सांगितलंस आम्हाला!"

"भावजी, हळू," रेश्मा मध्ये पडली. आत्तापर्यंत ती सासूच्या बाजूनं होती. आता नवऱ्याचा चेहरा बघून तिचा सूर बदलला. "लेकराला आई पाहिजे असती. त्यात काय फाशी द्यायची का?"

"ताई, प्रश्न तो नाही—"

"मग कुठला हाय? तुमीबी बारा महिने आबांना घेऊन चाललाच व्हता की. आत्यांचं तुमी तरी कुठं इचारलं?"

ते खरं होतं आणि प्रियदर्शनीला ते लागलं.

लालासाहेब मात्र कुणाचंच ऐकत नव्हते. ते राहीबाईंकडं बघत होते. शत्रू समोर आला तरी न हललेला माणूस; पण आत्ता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी सुट्टीवर आलो व्हतो पुढल्या वर्षी," ते म्हणाले. "इचारणार व्हतो. पर 'पुन्हा बोलवू नका' म्हनल्यावर बायकोला काय इचारायचं? मी म्हनलं, नगं तर नगं."

"मीबी इचारणार व्हते," राहीबाई म्हणाल्या. "तानुबाईला बोलावलं, मला का न्हाई म्हनून. तुमी जेवला आन रानात गेला. रोजच जात व्हता. मी म्हनलं, आपण नगं झालोय ह्यांना."

"अगं—"

"चाळीस वर्सं मी तुमच्यावर राग धरला. आन तुमी माझ्यावर. ताटावर बसल्यावर मीठ वाढ, पाणी दे, एवढंच. मला वाटायचं, ह्या माणसाचा सुभावच असा." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं रेश्माला वाटलं. "पोरं म्हनायची, आबा बर्फाचं लय सांगत्यात. मला कवा सांगितलं न्हाई तुमी. मी आत भाकऱ्या थापत असायची, तवा सांगायचा. मी ऐकायची भिंतीआडनं."

लालासाहेबांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट धरले. उठायचं होतं त्यांना, पण उठले नाहीत.

जयराज खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवर, सांडलेल्या दाण्यांत, आईच्या पायांशी. एवढा मोठा माणूस असा बसलेला बघायला बरं वाटत नव्हतं.

"आई. मला मार. काय बी कर."

राहीबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांना त्या टकलाखाली तो नऊ वर्षांचा पोरगा दिसत होता. खरोखर दिसत होता: उंबऱ्यावर, हातात निळं पत्र, पाय हलवायचे थांबलेले. त्या वेळी त्याला काय वाटलं असेल, हेही त्यांना दिसत होतं. बाप पत्रात. आई आगगाडीत. धाकट्याला कडेवर, आणि आपण आजीपाशी. त्या पोराला त्यांनी तिथल्या तिथं उचलून घेतलं असतं.

"नऊ वर्सांच्या लेकराला मी काय म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येनं केलं ते मीबी केलं असतं. मला कळलं असतं तर त्येला टाकून मी गेलीबी नसती कदाचित. दोन्ही घेऊन गेली असती, न्हाईतर ऱ्हायली असती. पर माझं मी ठरवलं असतं."

"व्हय, आई."

"मग तू अठरा वर्सांचा झालास. मग तुजं लगीन झालं. तुला सोताची पोरं झाली. आजी गेली तवा आबा तेराव्याला कोपऱ्यात बसले व्हते, मी चुलीपाशी, आमी बोलत न्हवतो, तू मधनं ताटं नेत व्हतास. तवा तुला कळत व्हतं."

जयराजनं मान हलवली.

"त्या लेकराला माफ हाय रं. पर ह्या पन्नास वर्सांच्या बाप्याचं मी काय करू?"

रेश्मा डोळ्यांना पदर लावून उभी होती. धैर्यशील खिडकीकडं तोंड करून उभा होता. प्रियदर्शनीनं टीव्ही बंद केला, आणि एकदम खोली लहान झाल्यासारखी वाटली.

मग लालासाहेब उठले. पाय जडावले होते, पण ते चालत राहीबाईंसमोर आले आणि थांबले. टेबलावरच्या कागदावर त्यांची नजर गेली; त्यांनी ती तिथून काढून घेतली.

"राही," ते म्हणाले.

पोरांसमोर त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. घरात कुणीच मारत नव्हतं. राहीबाईंना क्षणभर वाटलं, ते दुसऱ्याच कुणाला बोलवतायत.

"मला बर्फ दाखवायचा व्हता तुला. आजबी दाखवायचा हाय. येतीस का?"

प्रियदर्शनी घाईघाईनं म्हणाली, "आई, जानेवारीत सगळ्यात सुंदर—"

"थांब पोरी," राहीबाई म्हणाल्या. "ह्यांनी इचारलंय मला."

प्रियदर्शनी थांबली. राहीबाईंना उत्तर लगेच देता येईना. ते उत्तर त्यांच्याकडं होतं, चाळीस वर्षं तयार होतं, पण ते अठ्ठावीस वर्षांच्या बाईचं होतं. पेटी घेऊन पळत सुटणाऱ्या बाईचं. आता त्यांचं वय अडुसष्ट. गुडघे खरंच दुखत होते. समोरचा माणूस म्हातारा होता. त्याच्याशी मीठ-पाण्यापलीकडं काय बोलायचं, हेही त्यांना नव्यानं शिकावं लागणार होतं. आणि एवढ्या माणसांत पहिल्यांदाच त्यांच्या वतीनं कुणी बोलत नव्हतं.

"किती थंडी असती?" त्यांनी विचारलं.

"लय. बोटं कळत न्हाईत."

"आन मी पडली तर?"

"पडशील की," लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "मी उठवीन."

"मग जानेवारीत जाऊ," राहीबाई म्हणाल्या. "आमी दोघंच. दोन महिने. पोरांनी मागनं यायचं, आधी इचारून यायचं. परत आल्यावर मी माझ्या घरी जानार, शिराळ्याला. ह्यांना ऱ्हायचं तर ऱ्हावं, यायचं तर माझ्यासंगं यावं. घर बंद व्हायचं न्हाई. मला कुणाकडं ठेवायचं न्हाई."

"मी येतो," लालासाहेब म्हणाले. "तू आलीस की मीबी येतो."

धैर्यशील काहीतरी म्हणणार होता. प्रियदर्शनीनं त्याचा हात धरला.

जयराज अजून खालीच होता. आईच्या पायांजवळचे दाणे तो एकेक करून उचलत होता, हातात धरत होता, कुठं ठेवायचे ते सुचत नव्हतं. शेवटी त्यानं वर पाहिलं.

"आन मी, आई?"

राहीबाईंचा हात उचलला गेला. लहानपणी त्याला ताप आला की जायचा, तसा त्याच्या डोक्याकडं गेला, त्या तुळतुळीत टकलाच्या वर येऊन थबकला. सगळे त्या हाताकडं बघत होते.

हात तसाच मागे आला.

"आज न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

जयराजनं मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला, "बरं, आई," आणि तो पुन्हा दाणे वेचू लागला.